चालायला नकार

चिंचवडमधल्या एका हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन झालेल्या पेशंटचा वॉर्ड आहे. मिनल ओव्हाळ तिथे गेली अकरा वर्षं सिस्टर आहे. पेशंट तिला तोंडावर सिस्टर म्हणतात आणि पाठीमागे जे म्हणतात ते कस्तुरा मावशी तिच्या कानावर घालतात. "आज सात नंबरवाले तुला कंपनीतला सुपरवायझर म्हणत होते," मावशी फरशी पुसता पुसता सांगतात. मिनल हसत नाही, रागावतही नाही. सात नंबरला जाऊन ती पुन्हा पांघरूण बाजूला करते आणि म्हणते, "चला, उठायचं. खिडकीपर्यंत जाऊन यायचं."

ऑपरेशन झालेल्या माणसाने हलायचं नसतं, टाके तुटतात, असं आपल्याकडे घराघरात ठाम मत असतं. मिनलच्या घरीही होतं. तिचे वडील भीमराज पिंपरीच्या एका फौंड्रीत होते. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा आई गिरजाबाईंनी त्यांना दापोडीच्या दोन खोल्यांत महिनाभर निजवून ठेवलं होतं, पाणीसुद्धा हातात दिलं होतं. मिनल तेव्हा सातवीत होती. पुढे नर्सिंगला गेल्यावर तिला कळलं, की पडून राहिलेल्या माणसाच्या पायात रक्त साकळतं, छातीत कफ साचतो, आतडी सुस्तावतात. माणूस जितक्या लवकर उठेल तितका लवकर घरी जातो. हे तिला परीक्षेत पाठ होतं आणि कामातही ती ते करायची, पण बाकीच्या सिस्टर करतात तितपतच. कोणी फारच कण्हला तर सोडून द्यायची. तिचा स्वभाव मऊ होता. पेशंट डिस्चार्जच्या दिवशी तिला शोधत यायचे.

मग पाच वर्षांपूर्वीच्या श्रावणात यशवंतराव येळवंडे आले.

ते चाकणजवळच्या निघोज्याचे. वय बावन्न, अंगाने भरलेले, मिशीला थोडा कलप. जमीन बरीचशी कारखान्यांकडे गेलेली, उरलेल्यात भाजीपाला, आणि कंपन्यांना टेम्पो पुरवण्याचा धंदा. गुडघेदुखीसाठी मनाने दुकानातून गोळ्या आणून खायची सवय होती. त्या गोळ्यांनी जठराला भोक पडलं. पोट लाकडासारखं कडक होऊन आले आणि त्याच दिवशी ऑपरेशन झालं. बेंबीच्या वरून खाली वीतभर टाके. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी मिनलने त्यांना खुर्चीत बसवलं, ते बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांना चालवायला गेली.

यशवंतरावांनी हात जोडले. "सिस्टर, आज न्हाई. आज जरा पडू द्या. उद्या चालतो, नक्की."

पलीकडे स्टुलावर त्यांची बायको जयमाला बसली होती. मिनल क्षणभर थांबली. त्याच वेळी खालून दोन नवे पेशंट वर येत होते, एकाचं सलाईन बंद पडलं होतं, आणि तिचं जेवण व्हायचं होतं. "बरं," ती म्हणाली, "पण उद्या सबब चालणार नाही."

"उपकार झाले तुमचे," यशवंतराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

फाईलमध्ये तिने लिहिलं : पेशंटने चालायला नकार दिला. वेळ टाकली, सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला यशवंतराव आपले आपण उठून संडासला गेले. परत येताना दारातच खाली बसले. मिनल धावली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते आणि ते तोंड उघडून हवा शोधत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, थोडी शरम होती, आपल्यामुळे कोणाला धावपळ पडावी अशी. सगळ्यांनी मिळून पाऊण तास छाती दाबली. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती.

चौकशी झाली. सर्जन डॉ. तेजस्विनी बेडेकर यांनी सगळी फाईल पान पान पाहिली. रक्त पातळ राहण्याची इंजेक्शनं वेळेवर दिलेली होती. चालवण्याचा प्रयत्न झाला होता, पेशंटने नकार दिला होता. नोंद होती. "मिनल, तुझं काही चुकलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "काही जणांत सगळं करूनही हे होतं."

मिनलने मान हलवली. तिला एवढंच माहीत होतं, की तो नकार नव्हता. विनंती होती. आणि आणखी एक गोष्ट तिला माहीत होती, जी तिने मॅडमना सांगितली नाही, आईलाही नाही. ते 'आज न्हाई' म्हणाले तेव्हा तिला हायसं वाटलं होतं.

त्यानंतर यशवंतराव तिच्याबरोबर राहायला लागले. भूत म्हणावं असं काही नव्हतं. दापोडीच्या पुलाखालून जाताना, बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात घेताना, मागून कोणीतरी अगदी सभ्यपणे म्हणायचं, उपकार झाले तुमचे. ती वळून पाहायची. वॉर्डातून एखादा जाड बांध्याचा माणूस सलाईनचा स्टँड धरून पाठमोरा चाललेला दिसला, की तिच्या हातातला ट्रे थांबायचा. संडासाचं दार दोन मिनिटांपेक्षा जास्त बंद दिसलं, की ती जाऊन ठोठावायची. आतला माणूस वैतागून ओ द्यायचा, आणि मगच तिचा श्वास सुटायचा. त्यांनी तिला कधी स्वप्नात शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ते फक्त आभार मानायचे.

ती बदलली ती तेव्हापासून. ऑपरेशन झाल्या दिवशीच संध्याकाळी पाय हलवायला लावायचे. दुसऱ्या दिवशी उभं करायचं. तीन चेंडूंचं ते श्वास ओढायचं यंत्र दर तासाला हातात द्यायचं, चेंडू वर जाईपर्यंत समोर उभं राहायचं. रोज पोटऱ्या दाबून पाहायच्या, एक दुसरीपेक्षा सुजलेली तर नाही ना. दुखतं म्हणालात तर दुखण्याचं औषध आधी देईन, पण उठावं लागेलच, असं सांगायची. कोणी हात जोडले की तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. रडणाऱ्या पोरींना, सत्तरीच्या आजोबांना, चाकणच्या कारखान्यांत प्रेस मशीनखाली हात गमावून आलेल्या परप्रांतीय कामगारांना, सगळ्यांना तिने चालवलं. वॉर्डातल्या छातीच्या तक्रारी कमी झाल्या, माणसं एक-दोन दिवस आधी घरी जाऊ लागली. मॅडमनी मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं. मात्र डिस्चार्जच्या दिवशी तिला शोधत येणं लोकांनी बंद केलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका सोमवारी दुपारी ती ड्यूटीवर आली, तेव्हा नव्या पेशंटच्या फाईलवर नाव होतं : गोजाबाई येळवंडे, वय चौऱ्याहत्तर, निघोजे.

आडनाव गावात पुष्कळांचं असतं, असं तिने स्वतःला सांगितलं. पडदा बाजूला केला तर स्टुलावर जयमाला. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. तिने मिनलकडे नुसतं पाहिलं आणि सासूच्या पायावरची शाल सारखी केली. ओळख दाखवली नाही. मिनलनेही नाही.

गोजाबाईंच्या मोठ्या आतड्यात गाठ होती. तेवढा भाग कापून दोन्ही टोकं एकमेकांना जोडायची, असं ऑपरेशन मॅडमनी केलं. जोड बसेपर्यंत पाच-सहा दिवस जपायचे असतात. म्हातारी मात्र काटक निघाली. दुसऱ्याच दिवशी पदर खोचून उभी. "चल गं पोरी, कुटवर जायाचं?" मिनल स्टँड धरून बाजूने चालायची आणि म्हातारी तिच्या पुढे अर्धं पाऊल. चालताना बोलायची. गावात आता कांद्याच्या चाळीपेक्षा भाड्याच्या खोल्या जास्त झाल्यात, गल्लीत मराठी ऐकू येत न्हाई, पर पोरं चांगली हायेत, आज्जी म्हणत्यात. थोरल्या नातीचं लगीन औंदाच झालं.

तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरच्या टोकाला गोजाबाई थांबल्या. "माझा यशवंता हितंच गेला," त्या म्हणाल्या. "ह्याच हास्पिटलात. कोन्ती गं खोली आसंल?"

मिनलने सलाईनचा स्टँड सरळ केला. "मला विचारावं लागेल, आजी," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. इचारू नको कुनाला." गोजाबाईंनी तिथल्या तिथे भिंतीवर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मग परत फिरल्या.

त्या दिवशी मिनलने घरी जेवण केलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

पाचव्या दिवशी दुपारी ती पडद्याआड गेली. गोजाबाई डाव्या कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडल्या होत्या. जयमाला खाली औषधं आणायला गेली होती.

"आजी, चला. उठायचं."

"आज न्हाई, पोरी," गोजाबाई म्हणाल्या. "आज जरा पडू दे."

तेच शब्द होते. तोच हेल, निघोज्याचा, 'जरा'वर जोर देणारा. मिनलने मान वर करून पाहिलं. पलंगाच्या त्या बाजूला कोणी उभं नव्हतं, हे तिला दिसत होतं, आणि तरी कोणीतरी उभं होतं.

"नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "पडायचं नाही. उठा. मी तुम्हाला पडू देणार नाही." तिने पांघरूण ओढलं, म्हातारीच्या खांद्याखाली हात घातला आणि तिला बसतं केलं. गोजाबाईंनी पलंगाची कड धरली. पाय खाली सोडले, उभ्या राहिल्या, एक पाऊल टाकलं. मग त्यांना उचकी लागली. दुसरी उचकी. त्यांनी डावा हात उचलून उजव्या खांद्यावर ठेवला.

"खांदा का धरलात?"

"सकाळधरनं दुखतोय. वाऱ्यानं आसंल."

मिनलचा हात त्यांच्या मनगटावर होता, आधारासाठी धरलेला. बोटांखाली नाडी धावत होती. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की गेल्या पाच मिनिटांत तिने गोजाबाईंकडे पाहिलंच नव्हतं. ती दुसऱ्याच कोणाला तरी उठवत होती. काल पुढे पुढे चालणारी बाई आज का पडू दे म्हणते, हा साधा प्रश्न तिला पडला नव्हता.

"बसा आजी," ती म्हणाली. "सावकाश. चुकलं माझं. झोपा."

नाडी एकशे अठरा. श्वास मिनिटाला सव्वीस. ताप जवळजवळ नाहीच. पोट सकाळपेक्षा फुगलेलं, आणि हात लावताच म्हातारीने ओठ दाबले. लघवीच्या पिशवीत सकाळपासून बोटभरच. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर आला. त्याने पोट तपासलं, म्हणाला, "गॅस असेल. पाणी कमी पडलंय. सलाईन वाढवू, दोन तासांनी पाहू. चालवा थोडं, गॅस सुटेल."

"चालवणार नाही," मिनल म्हणाली.

तो चकित झाला. चालवा म्हटल्यावर या सिस्टरने नाही म्हणावं, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"सर, या रोज चालत होत्या. आज नको म्हणाल्या. उचक्या आहेत, खांदा दुखतोय, म्हणजे पोटात काहीतरी झिरपतंय. नाडी बघा. जोड सुटला असेल."

"ताप नाहीये सिस्टर."

"म्हाताऱ्या माणसाला येतोच असं नाही. मी मॅडमना फोन लावते. तुम्हाला वाईट वाटलं तर माफ करा." आणि तिने त्याच्यासमोरच फोन लावला. डॉ. तेजस्विनी बाह्यरुग्ण विभागात होत्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि स्कॅन करायला सांगितलं.

फाईलमध्ये मिनलने लिहिलं : पेशंट म्हणते, आज बरं वाटत नाही, झोपू द्या. पाच वर्षांपूर्वीच्या नोंदीपेक्षा ती नोंद कितीतरी लांब झाली. म्हातारी जे जे म्हणाली ते सगळं तिने उतरवलं.

जोड सुटला होता. आतड्यातली घाण पोटात झिरपायला लागली होती. संध्याकाळी सहाच्या आत गोजाबाई पुन्हा टेबलावर होत्या. पोट धुतलं, जोड काढून टाकला आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणलं. आता काही महिने शी तिथून पिशवीत यायची. मॅडम बाहेर आल्या आणि जयमालाला म्हणाल्या, "रात्रभर थांबलो असतो तर अवघड होतं. आत्ताही सोपं नाही. बघू."

सोपं नव्हतंच. गोजाबाई सहा दिवस आयसीयूत होत्या. दोन दिवस त्यांना माणूस ओळखू येत नव्हता. मिनल ड्यूटी संपल्यावर वर जाऊन काचेतून पाहून यायची. गोजाबाई भ्रमात यशवंताला हाका मारायच्या, त्याला जेवायला बसवायच्या. आयसीयूतली सिस्टर म्हणाली, "कोण आहे हा यशवंता? सारखा आत येऊन बसलाय वाटतं." मिनल खाली आली.

सातव्या दिवशी म्हातारी वॉर्डात परतली. हाडं आणि कातडी, पण डोळे जागेवर. त्यानंतर आठवडाभर मिनलने जयमालाला पिशवी बदलायला शिकवलं. कोमट पाण्याने कातडी पुसायची, कोरडी करायची, भोकाच्या मापाने चकती कापायची, दाबून बसवायची. पहिल्या दिवशी जयमालाने चकती दोनदा वाकडी कापली. तिसऱ्या दिवशी तिने न सांगता सगळं केलं. म्हातारी झोपी गेली होती. खिडकीतून चारचं ऊन आत आलं होतं.

हात पुसत जयमाला म्हणाली, "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखलं."

"मीही," मिनल म्हणाली.

"आत्यांना सांगितलं नाही. त्या वेळची सिस्टर हीच, म्हणून." जयमाला कात्रीकडे पाहत होती. "त्या दुपारी तुम्ही गेल्यावर मी ह्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. म्हटलं, झोपा निवांत, कोणाला येऊ देत नाही. संध्याकाळची सिस्टर आली चालवायला. तिलाही मीच परत पाठवलं. म्हटलं, आत्ताच डोळा लागलाय."

मिनलला हे माहीत नव्हतं. ती पलंगाच्या कडेला बसली. ड्यूटीवर ती कधी पलंगावर बसत नसे.

"ते नको म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "काम होतं खूप. एक काम कमी झालं, असं वाटलं. आणि मी लिहिलं, नकार दिला."

जयमालाने कात्री पुसून बाजूला ठेवली. "मला तुमचा राग यायचा," ती म्हणाली. "माझा येऊ नये म्हणून तुमचा. अजून येतो कधी कधी." मग तिने विचारलं, "चालले असते तर वाचले असते का हो?"

काही जणांत सगळं करूनही होतं, हे मॅडमचं वाक्य मिनलच्या ओठांपर्यंत आलं. ते खरंही होतं. पण ते तिने स्वतःलाही पाच वर्षं ऐकवलं होतं, आणि त्याने काही झालं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. कदाचित."

जयमालाने मान हलवली. दोघींपैकी कोणी दुसरीला तुमची चूक नव्हती असं म्हटलं नाही. जयमालाने वापरलेली पिशवी कागदात गुंडाळली आणि टाकायला घेऊन गेली.

फेब्रुवारीच्या शेवटी गोजाबाईंचं तिसरं ऑपरेशन झालं. आतडं पुन्हा आत बसवलं. या वेळी काही वाकडं झालं नाही. सहाव्या दिवशी त्या घरी गेल्या. आता जयमालाचा अधूनमधून फोन येतो. आत्यांना बाजरीची भाकरी चालेल का, मिरची चालेल का, दुसरं काही नाही.

मिनल अजून सगळ्यांना चालवते. फक्त कोणी नको म्हणालं, तर ती आधी स्टूल ओढून बसते, मनगट हातात घेते आणि विचारते, का नको वाटतंय. बहुतेकांना नुसता कंटाळा असतो, आणि मग त्यांना उठावं लागतं. एखाद्याला खरंच काही असतं. नव्या मुलींना ती शिकवते, की नकार दिला एवढंच लिहून सही करू नका, माणूस काय म्हणाला ते लिहा. मुलींना वाटतं, या बाईला लिहिण्याची फार हौस आहे.

यशवंतराव गेलेले नाहीत. ती त्यांना जा असं म्हणतही नाही.

मार्चमधल्या एका सुट्टीच्या दुपारी दापोडीच्या घरात गिरजाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मिनल शेजारी भिंतीला टेकून होती. बाहेरून लोकल धडधडत गेली, तिचा आवाज विरला, आणि मिनलने कोणी विचारलं नसताना सांगायला सुरुवात केली. निघोज्याचा माणूस, तिसरा दिवस, दुपार, न झालेलं जेवण, ते हायसं वाटणं. सगळं सांगितलं. गिरजाबाईंचे हात मध्येच थांबले होते.

सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मुलं किती होती त्याला?"

"दोन. थोरलीचं लग्न झालं मागच्या वर्षी."

"बापाशिवाय," गिरजाबाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी मेथीची अर्धी जुडी उचलून लेकीपुढे सरकवली. मिनलने मांडी घातली आणि देठ खुडायला घेतले.